मुक्तिदायी ईश्वरविज्ञान आणि क्रांतीचे राजकारण: नाते नेमके कसले?

विचारलेला प्रश्न दोन भागांचा आहे. लॅटिन अमेरिकेत साधारण १९६८ पासून आकाराला आलेली लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे मुक्तिदायी ईश्वरविज्ञान, हा मार्क्सवादाला चढवलेला ख्रिस्ती मुलामा होता काय, हा पहिला भाग. आणि तसे नसेल तर तिच्या पुरस्कर्त्यांना क्रांतिकारी राजकारणाची एवढी ओढ का वाटली, हा दुसरा. हा विषय शिकवताना पहिल्या भागाला मी आजवर ‘नाही’ असेच उत्तर देत आलो आहे. परंतु ते उत्तर घाईने देऊ नये असेही मला वाटते, कारण त्या नकाराच्या पोटात बराच होकार आहे आणि तो लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठी वाचकाला ‘मुक्ती’ म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून होणारी सुटका आठवते, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेत त्या जागी ‘तारण’ हा शब्द रुळलेला आहे. पेरूमधील धर्मगुरू गुस्तावो गुतिएरेस यांचा मूळ प्रश्न या शब्दांच्या मधल्या जागेतच उभा राहतो. तारण आत्म्याचे आणि मरणानंतरचे, तर अन्यायातून सुटका शरीराची आणि या जगातली, ही वाटणी बायबलला मान्य आहे का? गुतिएरेस यांनी मुक्तीच्या तीन पातळ्या सांगितल्या: आर्थिक व राजकीय जुलमातून सुटका, माणसाने आपल्या इतिहासाची जबाबदारी स्वतः उचलणे, आणि पापातून, म्हणजे देवाशी व शेजाऱ्याशी तुटलेल्या नात्यातून, सुटका. या तिन्ही मिळून एकच प्रक्रिया होते, पण त्यांपैकी कोणतीही एक दुसरीत विरघळवून टाकता येत नाही. ‘यांनी तारणाचे राजकारण केले’ हा आरोप बहुधा या वाक्याचा उत्तरार्ध न वाचता केला जातो. आणि ‘यांनी राजकारणाला केवळ आशीर्वाद दिला’ ही डाव्यांकडून होणारी तारीफ पूर्वार्धही नीट वाचत नाही.

हा विचार ग्रंथालयात जन्मला नाही. १९५० च्या दशकात लॅटिन अमेरिकेला ‘विकासा’चे आश्वासन मिळाले होते: भांडवल येईल, कारखाने उभे राहतील आणि मागासलेपण टप्प्याटप्प्याने सरेल. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे आश्वासन फोल ठरल्याचे दिसू लागले, ब्राझीलमध्ये १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, आणि अर्थशास्त्रज्ञांच्या एका पिढीने असे मांडायला सुरुवात केली की गरीब देश विकासाच्या शर्यतीत मागे पडलेले नाहीत, तर श्रीमंत देशांच्या समृद्धीची ती दुसरी बाजू आहे. हाच अवलंबित्वाचा सिद्धान्त. त्याची मुळे राउल प्रेबिश यांच्यासारख्या मार्क्सवादी नसलेल्या अर्थतज्ज्ञांपर्यंत जातात आणि आंद्रे गुंडर फ्रँक यांच्यासारख्यांच्या हाती त्याला अधिक जहाल वळण मिळाले. जुलै १९६८ मध्ये पेरूच्या चिंबोते या बंदरात दिलेल्या व्याख्यानात गुतिएरेस यांनी ‘विकासाच्या ईश्वरविज्ञाना’ऐवजी ‘मुक्तीच्या ईश्वरविज्ञाना’ची भाषा वापरली, तेव्हा त्यांच्यासमोर हा वाद होता. जहाल विचार या ईश्वरविज्ञानात शिरला तो नास्तिक तत्त्वज्ञानाच्या दारातून आला नाही. ‘हे लोक गरीब का आहेत?’ या साध्या प्रश्नाच्या दारातून आला. प्रश्न आधी होता, मार्क्स नंतर आला. या क्रमावर मी भर देतो, कारण पुढची बरीच चर्चा त्यावर उभी आहे.

चर्चच्या आतूनही वाट तयार होत होती. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांसाठी रूढ केलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत कॅथलिक विद्यार्थी संघटनांमध्ये मुरलेली होती, आणि गुतिएरेस स्वतः अशा विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू होते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) चर्चला जगाकडे पाहायला लावले. परिषद संपण्याच्या सुमारास, नोव्हेंबर १९६५ मध्ये, सुमारे ४० बिशपांनी रोममधील भूमिगत दफनस्थळी एकत्र येऊन साधेपणाने राहण्याची आणि गरिबांच्या जवळ जाण्याची शपथ घेतली. ब्राझीलचे हेल्डर कामारा या वर्तुळातले.

मग कोलंबियातील मेडेयिन येथे ऑगस्ट–सप्टेंबर १९६८ मध्ये लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद भरली, आणि तिच्या शांतताविषयक दस्तऐवजात ‘संस्थात्मक हिंसाचार’ हा शब्दप्रयोग आला. या दोन शब्दांपाशी मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबवतो. भूक, बेदखली, औषधावाचून होणारे बालमृत्यू या गोष्टी दुर्दैव नसून हिंसा आहेत असे एकदा मान्य केले की ‘ख्रिस्ती माणसाने हिंसेचा मार्ग धरावा का?’ हा प्रश्न पूर्वीसारखा विचारता येत नाही. पूर्वी तो शांततेत राहणाऱ्या माणसाला विचारला जात होता. आता तो आधीच चालू असलेल्या हिंसेच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला विचारला जातो. बिशपांनी क्रांतीची हाक दिली नाही, सशस्त्र उठावाबद्दल त्यांनी सावधगिरीचाच सूर लावला. पण त्यांनी शब्द बदलला, आणि त्या शब्दामुळे तटस्थ राहण्याची जागा उरली नाही.

आता मार्क्सकडे. या ईश्वरविज्ञानाने मार्क्सकडून घेतलेल्या गोष्टी एका जातीच्या नाहीत. पहिली म्हणजे समाजाचे विश्लेषण: वर्ग, मालकी, श्रमाचे मोल. ब्राझीलचे क्लोदोविस बोफ यांनी १९७० च्या दशकात याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या मते ईश्वरविज्ञानाला समाजाविषयी बोलायचे असेल तर आधी समाजशास्त्राच्या मध्यस्थीने समाज समजून घ्यावा लागतो, मग त्या समजुतीवर शास्त्रवचनांचा प्रकाश पाडावा लागतो. वैद्याने रोग ओळखण्यासाठी शरीरशास्त्र वापरावे तसे हे आहे, असा त्यामागचा भाव होता. दुसरी गोष्ट म्हणजे सिद्धान्त आणि कृती यांचे नाते: सत्य आधी ठरवून मग ते लागू करायचे, असे नसून कृतीच्या आत शिरल्यावरच सत्याचा काही भाग दिसतो. यात मार्क्स आहे हे खरेच, परंतु ‘त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, मला ओळखणे ते हेच नव्हे काय?’ या आशयाचे यिर्मया संदेष्ट्याचे वचन (२२:१६) त्याहून कितीतरी जुने आहे. गुतिएरेस यांनी ते वचन आपल्या मांडणीच्या केंद्राजवळ ठेवले. त्यांना जवळचा वाटलेला मार्क्सवादीही मॉस्कोचा नव्हता, तर पेरूचाच होसे कार्लोस मारियातेगी होता. १९३० मध्ये तरुण वयात निधन पावलेल्या या विचारवंताने अँडीजमधल्या आदिवासी शेतकऱ्याच्या प्रश्नाला जमिनीचा प्रश्न म्हटले, आणि क्रांतीची ताकद तिच्या शास्त्रापेक्षा तिच्या श्रद्धेत असते असे लिहिले. धर्माकडे तुच्छतेने न पाहणारा मार्क्सवाद त्या मातीत आधीच होता.

१९८४ मध्ये कार्डिनल राट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या अध्यक्षतेखालील व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने या सगळ्यावर कडक टीका करणारा दस्तऐवज काढला. त्याचा मुख्य मुद्दा असा की मार्क्सवादी विश्लेषण हे सुटे अवजार नाही. त्याच्याबरोबर वर्गसंघर्षाला इतिहासाचा नियम मानणारी आणि सत्यालाच वर्गाचे सत्य ठरवणारी संपूर्ण जीवनदृष्टी आत येते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अवजार हाताला वळण लावतेच. १९७० च्या दशकातील काही लेखन वाचताना असे स्पष्ट जाणवते की तिथे ‘गरीब’ हा शब्द बायबलमधून आला असला तरी वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत तो ‘श्रमिक वर्ग’ झालेला असतो, आणि त्या वर्गात न बसणारी विधवा, आजारी म्हातारा, कैदी हे मागे राहिलेले असतात. तरीही त्या दस्तऐवजाने ज्या एकसंध मार्क्सवादावर प्रहार केला, तसा एकसंध मार्क्सवाद मला या लेखकांमध्ये फारसा सापडलेला नाही. उरुग्वेचे हुआन लुइस सेगुंदो यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने त्याला सविस्तर उत्तर दिले.

माझ्या मते याच वादातला अधिक समतोल मजकूर त्याआधीच लिहिला गेला होता. येशू संघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे, प्रमुख पेद्रो अरुपे यांनी डिसेंबर १९८० मध्ये मार्क्सवादी विश्लेषणाविषयी एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी ते विश्लेषण सरसकट स्वीकारता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच दमात असेही बजावले की आमच्या या शंकांचा आधार घेऊन न्यायासाठी झटणाऱ्यांना कम्युनिस्ट ठरवण्याचा प्रयत्न कोणी केला तर त्यालाही आम्ही विरोध करू. ज्या काळात ‘कम्युनिस्ट’ हा शिक्का म्हणजे एल साल्व्हाडोरमध्ये मृत्यूची चिठ्ठी होती, त्या काळात हे दुसरे वाक्य लिहिण्याला केवळ सैद्धान्तिक अर्थ नव्हता.

परंतु अवजाराचा हा वाद जितका गाजला, तितका तो मूळ नात्यापर्यंत पोहोचत नाही, असे माझे मत आहे. ख्रिस्ती विचार आणि मार्क्स यांची खरी गाठ पडते ती खोट्या देवांच्या प्रश्नापाशी. माणसाने स्वतःच्या हातांनी एक वस्तू घडवावी, मग तिलाच स्वामी मानून तिच्यापुढे वाकावे आणि शेवटी तिला माणसांचे बळी द्यावेत, हा संदेष्ट्यांच्या संतापाचा विषय होता. मार्क्स ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात बाजारातील वस्तूच्या गूढ सत्तेचे वर्णन करताना तुलनेसाठी धर्माच्या धूसर प्रदेशातच जातो, आणि पैशाविषयी लिहिताना बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातले श्वापद आणि त्याची खूण यांविषयीच्या ओळी सरळ उद्धृत करतो. कोस्टारिकात काम करणारे जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रान्झ हिंकेलामेर्ट, ब्राझीलचे ऊगो आस्मान आणि अर्जेंटिनाचे एन्रिके दुस्सेल यांनी हा धागा पकडला. त्यांचे म्हणणे असे की लॅटिन अमेरिकेपुढचा प्रश्न ‘देव आहे की नाही’ हा युरोपी प्रश्न नाही. तिथे सगळेच देवाचे नाव घेतात, छळछावणी चालवणारा सेनापतीदेखील घेतो. प्रश्न हा आहे की ज्याचे नाव घेतले जाते तो जीवन देणारा देव आहे की माणसांचे बळी मागणारा.

या वळणावर नाते उलटे होते. आता ईश्वरविज्ञान मार्क्सकडून काही उधार घेत नाही. उलट मार्क्सच्या लेखनातला जो भाग त्याचे अनुयायी अलंकार समजून ओलांडून जात, तो भाग मुख्य आहे असे ते दाखवून देते. त्याचबरोबर मार्क्सवादाला एक अवघड प्रश्नही विचारते: पक्ष, राज्यसंस्था, इतिहासाची अटळ गती, हीसुद्धा बळी मागणारी दैवते होऊ शकत नाहीत काय? मार्क्सवादाच्या नास्तिकतेवर धर्माने केलेल्या नेहमीच्या टीकेपेक्षा ही टीका मला अधिक खोल वाटते, कारण ती त्याच्या स्वतःच्या निकषावर केलेली आहे.

पुस्तकांइतकेच, कदाचित अधिकच, महत्त्वाचे आहे ते तळातल्या ख्रिस्ती समुदायांचे काम. धर्मगुरूंची संख्या अपुरी असलेल्या ग्रामीण भागांत आणि शहरांभोवतीच्या वस्त्यांत वीस-तीस माणसांचे गट जमत, बायबलचा एखादा उतारा वाचत आणि तो आपल्या जगण्याशी ताडून पाहत. बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकातला फारो, म्हणजे इस्राएली लोकांना गुलाम करणारा मिसरचा राजा, आपल्या जगण्यात कोण, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांची प्रौढशिक्षणाची पद्धत या गटांच्या कामाशी एकजीव झाली, कारण दोन्हींचा गाभा एकच होता: ज्याच्याविषयी आजवर इतर बोलत आले त्याने स्वतः बोलावे. ब्राझीलमध्ये १९७५ मध्ये चर्चची जमीनविषयक सेवा संस्था स्थापन झाली, आणि तिच्या पाठबळातून पुढे १९८४ मध्ये भूमिहीनांची देशव्यापी चळवळ संघटित झाली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या कामगार पक्षालाही या समुदायांतून असंख्य कार्यकर्ते मिळाले. जहाल राजकारणाशी या ईश्वरविज्ञानाचे सर्वात फलदायी नाते कुठे जुळले असे मला विचारले, तर मी या गटांकडे बोट दाखवीन. तिथे सिद्धान्त कमी होता आणि माणसे बोलायला शिकत होती.

हिंसेचा प्रश्न टाळून हे उत्तर पूर्ण होणार नाही. कोलंबियाचे धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ कामिलो तोरेस यांनी शस्त्र हाती घेतले आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या बंडखोरांच्या बाजूने लढताना १५ फेब्रुवारी १९६६ रोजी ते मारले गेले. ते आणि गुतिएरेस बेल्जियमच्या लुव्हेन विद्यापीठात शिकत असतानाचे मित्र. पुढे तोरेस यांची प्रतिमा इतकी पसरली की मुक्तिदायी ईश्वरविज्ञान म्हणजे बंदूकधारी धर्मगुरू असे चित्र रूढ झाले. वास्तविक तोरेस यांचा मृत्यू या ईश्वरविज्ञानाला नाव मिळण्याच्या आधीचा आहे, आणि नंतरच्या बहुतेक मांडणीकारांनी तो मार्ग धरला नाही. पोप पॉल सहावे यांच्या १९६७ च्या परिपत्रकातही, दीर्घकाळ चाललेल्या उघड जुलमी सत्तेचा अपवाद नमूद करून, उठावातून नवे अन्याय जन्माला येतात असाच इशारा होता. कामारा यांनी हिंसेचे वर्णन फिरत्या चक्रासारखे केले: अन्याय ही पहिली हिंसा, बंड ही दुसरी, दडपशाही ही तिसरी, आणि तिसरीतून पुन्हा पहिली. सान साल्व्हाडोरचे आर्चबिशप ओस्कार रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात सैनिकांना आवाहन केले की आपल्याच शेतकरी बांधवांना मारण्याचा हुकूम देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे, तो पाळण्याचे बंधन तुमच्यावर नाही. दुसऱ्या दिवशी वेदीपाशी त्यांना गोळी घालण्यात आली. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी त्याच शहरातील विद्यापीठात लष्कराच्या तुकडीने तत्त्वज्ञ इग्नासिओ एयाकुरिया यांच्यासह येशू संघाचे सहा धर्मगुरू, त्यांच्याकडे काम करणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची मुलगी सेलिना यांना ठार मारले. एयाकुरिया वाटाघाटींतून युद्ध संपवण्याचा आग्रह धरणारे होते. या माणसांच्या बाबतीत ‘क्रांतिकारी’ हा शब्द वापरायचा असेल, तर तो त्यांनी केलेल्या हिंसेमुळे नव्हे, त्यांनी सत्तेला नाकारलेल्या आज्ञापालनामुळे वापरावा लागेल.

सत्तेत गेल्यावर मात्र कसोटी वेगळी होती, आणि इथे माझे मत बरेच कठोर आहे. निकाराग्वात जुलै १९७९ मध्ये सांदिनिस्ता या डाव्या बंडखोरांची क्रांती यशस्वी झाली आणि एर्नेस्तो कार्देनाल संस्कृतिमंत्री, तर मिगेल देस्कोतो परराष्ट्रमंत्री झाले, दोघेही धर्मगुरू. फर्नांदो कार्देनाल यांनी १९८० ची साक्षरता मोहीम चालवली, आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही. मार्च १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर गुडघे टेकलेल्या एर्नेस्तो कार्देनाल यांना बोट दाखवून सुनावणारे पोप जॉन पॉल दुसरे, हे दृश्य जगभर गेले. त्या दृश्यामुळे वाद पोप विरुद्ध क्रांती असा झाला आणि खरा प्रश्न मागे पडला: राज्यकर्त्याला खडे बोल सुनावणारा संदेष्टा स्वतःच राज्यकर्ता झाला तर त्याला कोण सुनावणार? सांदिनिस्ता सरकारने घडवलेल्या आदिवासी मिस्किटो समाजाच्या सक्तीच्या स्थलांतराबाबत मंत्रिमंडळाबाहेरचा, स्वतंत्र ख्रिस्ती आवाज जितका खणखणीत हवा होता तितका तो नव्हता. एर्नेस्तो कार्देनाल यांनी १९९० च्या दशकात सांदिनिस्ता नेते दानिएल ओर्तेगा यांच्या पक्षाशी फारकत घेतली आणि पुढे त्यांच्या सत्तेचे ते कडवे टीकाकार झाले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कार्देनाल यांच्यावर धर्मगुरू म्हणून काम करण्यास असलेली बंदी उठवली, आणि पुढच्या वर्षी कार्देनाल यांचे निधन झाले.

आतून झालेली टीकाही विसरता कामा नये. ब्राझीलच्या इव्होने जेबारा यांनी दाखवून दिले की ‘गरीब’ या शब्दाला या लेखनात बहुधा पुरुषाचाच चेहरा असतो. कृष्णवर्णीय आणि आदिवासी ख्रिस्ती विचारवंतांनी वंशाचा प्रश्न वर्गात मिसळून टाकण्यास हरकत घेतली. पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर आणि प्रार्थनेने रोग बरे करण्यावर भर देणाऱ्या, पंथांकडे वळलेल्या लाखो गरिबांनी काहीच लिहिले नाही, पण त्यांचे वळणे हीसुद्धा टीकाच होती: आजार, दारू आणि मोडलेले घर यांवर आज रात्रीच काही मिळावे असे त्यांना वाटत होते.

प्रश्नकर्त्याला एक प्रयोग सुचवतो. गुतिएरेस यांच्या १९७१ च्या मूळ ग्रंथात ख्रिस्ती बंधुत्व आणि वर्गसंघर्ष यांविषयी एक प्रकरणभाग होता. १९८८ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो काढून त्या जागी ‘श्रद्धा आणि सामाजिक संघर्ष’ या मथळ्याचा नवा भाग घातला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. रोमच्या दबावाची सावली त्या बदलावर आहे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. परंतु मधल्या सतरा वर्षांत लेखक लिमातल्या गरीब वस्तीत धर्मगुरू म्हणून राहत होता, आणि त्या वस्तीत वर्गाच्या व्याख्येत न मावणारी माणसे रोज त्याच्या दाराशी येत होती. बदललेल्या परिच्छेदांत संघर्ष नाकारलेला नाही. तो समाजात आहे, तो आम्ही निर्माण केलेला नाही आणि त्यात बाजू घ्यावीच लागते, हे विधान दोन्हीकडे टिकून आहे. दुसऱ्या मजकुरात अधिक जोर आला आहे तो या आग्रहाला: ज्याच्या विरुद्ध बाजू घ्यायची त्याच्यावरही प्रेम करण्याची आज्ञा रद्द होत नाही.